मिटलेला अडकित्ता बोलतो

मी अडकित्ता बोलतोय. मधूनच कुरकुर ऐकू आली तर मनावर घेऊ नका. स्वभाव कुरकुरीचा नाही माझा, खिळा सैल झालाय. आत्ता मी उदगीरच्या बसस्टँडवर आहे, पार्वतम्मांच्या कापडी पिशवीत, पानाच्या डब्यावर आडवा. नांदेडची गाडी अजून लागायची आहे. ती लागेपर्यंत मला माझी हकीकत सांगून टाकायची आहे, कारण नांदेडला एक सर आहेत आणि ते माझा अर्थ सांगतात. चाळीस वर्षं सुपारी फोडली, तेव्हा कुणी मला अर्थ विचारला नाही. आता विचारून राहिलेत, तर आधी माझ्याच तोंडून ऐका.

माझा जन्म भालकीचा. तिथल्या एका ओताऱ्यानं पितळ वितळवून मला ओतलं आणि दोन्ही दांड्यांना पोपटाचा आकार दिला. पात्याला तेवढं पोलाद. डोळ्यांत लाल काचेचे मणी बसवले. पार्वतम्मांच्या वडलांनी लेकीच्या लग्नात रुखवतावर मला ठेवलं आणि मी तिच्याबरोबर बैलगाडीतून उदगीरला आलो. सासर धान्याच्या आडतीचं, शिवभक्तांचं. कपाळाला विभूती लावल्याशिवाय या घरात कुणी चहाला हात लावत नाही. माझी जागा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. घंटा मी रोज ऐकली, आरत्या मला पाठ झाल्या. माझा एक डोळा पुढं प्रियदर्शनीनं, या घरच्या लेकीनं, दीड वर्षाची असताना उचकटून काढला. रागवायचं कशाला? लेकरू होतं.

माझं काम साधं. सकाळी पूजा झाली की पार्वतम्मा भिंतीला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, "अडकी आण गं." भालकीकडं सुपारीला अडकी म्हणतात. माहेर सुटलं तरी तेवढा शब्द त्यांनी सोडला नाही. त्यांची सून वर्षाराणी औशाची. तिच्या कानाला हा शब्द नवा. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी हाक मारली, "अडकी कुठाय?" सून आतून घाईघाईनं म्हणाली, "नाही अव्वा, अडकले नाही, पदर पिन करून राहिले. आलेच!"

घर हसून हसून बेजार झालं. बसलिंगप्पा, म्हणजे घरचे मालक, एरवी मिशीतसुद्धा हसत नाहीत, तेही म्हणाले, "सुनबाई, अडकायला अजून लई वेळ हाय."

ती चेष्टा तेव्हा गोड होती. पुढं तीच टोचणार होती, हे कुणाला ठाऊक?

या घरात माझा एक मान आहे, तो आधी सांगायला हवा. लग्न ठरतं त्या दिवशी पाहुणे जमतात, पाटावर पानं मांडतात आणि घरची सवाष्ण एक अखंड सुपारी फोडते. एक फोड मुलाकडच्यांच्या ओटीत, एक मुलीकडच्यांच्या. 'सुपारी फुटली' म्हणजे लग्न पक्कं. मग कुणी मागं सरायचं नाही. या घरच्या लेकाची, संगमेश्वरची, आणि वर्षाराणीची सुपारी मीच फोडली. नेम चुकला नाही, दोन्ही फोडी सारख्या झाल्या. फोडायची ती जोडण्यासाठी, असं माझं काम. मला त्यात कधी कोडं वाटलं नाही.

दुपारी पार्वतम्मा सुपारीची खांडं करत बसायच्या आणि सून गहू निवडत ऐकायची. मग कहाण्या निघायच्या, सोमवारच्या, शिवरात्रीच्या, सासरच्या, माहेरच्या. त्या कहाण्यांत नागीण बोलायची, नदी रुसायची, देवापुढचा दिवा घरोघरची सुखदुःखं सांगायचा. कुणीही थांबवून विचारलं नाही की दिवा म्हणजे काय समजायचं. दिवा तो दिवा. तेल घातलं की जळतो, आणि जळता जळता बघतो.

मग गेली शिवरात्र आली.

त्याच्या आदल्याच आठवड्यात प्रियदर्शनीला बघायला आलेलं तिसरं स्थळ पोहे खाऊन गेलं ते गेलंच. पोरगी शिकलेली, हसरी. पण एक माणूस निरोप धाडेल तर शपथ. शिवरात्रीच्या सकाळी अभिषेक झाला. सगळे बाहेर गेले. पार्वतम्मांनी मला कोनाड्यातून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि पिंडीसमोर ठेवून हळूच म्हणाल्या, "शंभो, पोरीची सुपारी ह्याच अडकित्त्यानं फुटंपर्यंत मी तोंडात पान घालणार न्हाई. कुणाला सांगणार बी न्हाई. ठाऊक तुला, आन् ह्याला."

ह्याला म्हणजे मला.

नवस बोलून दाखवला की उतू जातो, असं त्या मानतात. म्हणून त्यांनी मला मिटलं, डब्यात ठेवलं, डबा बंद केला.

आणि नेमकं त्याच दिवशी, उपासाच्या फराळाला सगळे बसलेले असताना, वर्षाराणीनं घाबरत घाबरत सांगितलं, "अव्वा, मी एम.ए.चा फॉर्म भरलाय. मराठीचा, बाहेरून. महिन्यातनं दोन रविवार नांदेडला वर्ग असतेत. जाऊ का?"

पार्वतम्मा शेंगदाण्याची आमटी वाढत होत्या. म्हणाल्या, "जा की."

दोनच शब्द. एरवी त्या वीस बोलल्या असत्या. पण चाळीस वर्षांचं पान सकाळी सुटलेलं, डोकं ठणकत होतं, जबडा दुखत होता. सुनेला ते काय माहीत? तिनं दुसऱ्या दिवशी बघितलं, पानाचा डबा बंद. तिसऱ्या दिवशी बंद. दुपारच्या कहाण्या बंद, कारण सुपारीशिवाय पार्वतम्मांना कहाणी सुचतच नाही. विचारलं की "हं", सांगितलं की "हाव". दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की माणसं त्यांना गाठ मारतात. वर्षाराणीनं गाठ मारली, की मी शिकायला निघाले म्हणून सासूबाईंनी पान टाकलं आणि बोलणंही टाकलं.

मी डब्यात होतो. दोघींचं मला ठाऊक होतं आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. सहा महिने! पितळ काळं पडायला लागलं. बाहेरून सुनेचा उसासा ऐकू यायचा, सासूचं कण्हणं ऐकू यायचं, आणि मी आतल्या आत कुरकुरायचो. माझा खिळा झिजला असेल तर त्याच सहा महिन्यांत.

श्रावणात दोन गोष्टी घडल्या. मुखेडहून प्रियदर्शनीला स्थळ आलं. मुलगा सत्यम, नांदेडला नोकरीला. दोघं एकमेकांना आवडली आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सुपारी फोडायचं ठरलं. दुसरी गोष्ट अशी की नांदेडच्या सरांनी वर्गाला गृहपाठ दिला, की घरातली एखादी वस्तू किंवा प्राणी घ्या, त्याला प्रतीक करून छोटी कथा लिहा आणि जमलं तर ती वस्तू घेऊनच या.

वर्षाराणीनं मला निवडलं.

रविवारी पहाटे तिनं डबा हळूच उघडला, मला काढलं, कथेच्या कच्च्या कागदात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. सुपारी तर उद्या फोडायची होती. संध्याकाळी परत आणून ठेवू, सासूबाई डब्याकडं बघत पण नाहीत, असा तिचा हिशेब. विचारायला ती घाबरली. एक शब्द विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं आणि आज मीही तुमच्याशी बोलत नसतो.

नांदेडचा वर्ग म्हणजे एका कॉलेजातली वरच्या मजल्यावरची खोली. पंख्याला आवाज. वीस-पंचवीस शिकणारे, कुणी मास्तर, कुणी नर्सबाई, कुणी माझ्या वर्षाराणीसारख्या घर सांभाळून आलेल्या. सरांचं नाव आप्पासाहेब. बारीक, प्रेमळ, हातात खडू. ते म्हणाले, "कथेत वस्तू आली की तिच्या मागं अजून काहीतरी उभं असतं. लेखक त्याचं नाव घेत नाही. वस्तूच बोलते. चला, दाखवा काय काय आणलंय."

एकानं किल्ली हरवलेलं कुलूप आणलं होतं. सर म्हणाले, न बोललेलं दुःख. एकीनं चिमणीचं रिकामं घरटं. सर म्हणाले, पुण्याला गेलेली मुलं. ती बाई डोळे पुसायला लागली, तिची खरंच दोन्ही मुलं पुण्याला होती. मागच्या बाकावरच्या एका शेतकऱ्यानं मोबाइलवर आपल्या आंधळ्या बैलाचा फोटो दाखवला.

"वा! आंधळा बैल," सर म्हणाले, "म्हणजे डोळे मिटून एकाच वाटेनं फिरणारा आपला समाज."

"सर," तो गडी उठून म्हणाला, "त्याला मोतीबिंदू झालाय."

वर्ग खो खो हसला. सरही हसले. मला तो गडी फार आवडला.

मग वर्षाराणीनं कागद सोडून मला टेबलावर ठेवलं आणि फाइलमधून कथा वाचली. कथेत एक अडकित्ता होता. पान सोडलेल्या सासूचा. सहा महिने मिटलेला. 'त्याचे दोन दांडे म्हणजे सासर आणि माहेर, आणि त्यांच्या मधे मी सुपारीसारखी अडकले आहे. तो उघडेल तेव्हा मला फोडेल, नाही उघडला तर मी आतच राहीन.' असं काहीतरी शेवटी होतं.

टाळ्या पडल्या. सरांचे डोळे चमकले. "अडकित्ता! शब्दातच बघा, अडकणं आहे. आणि पोपटाचा आकार! पढवलेलं बोलणारी, पिंजऱ्यातली बाई."

माझा पोपट आयुष्यात पिंजऱ्यात बसलेला नाही हो! आणि अडकणं? मी? टेबलावर पडल्या पडल्या मला घाम फुटायचा बाकी राहिला होता. मनात आलं, मी खरंच तसा आहे की काय? चाळीस वर्षं मी कुणाला अडकवतच होतो का? जिनं मला इतकं बघितलं, तिलाच तसं वाटलं, तर खोटं कसं म्हणू?

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या गौरम्मा बोलल्या. देगलूरच्या, पन्नाशीच्या, नातवंडं झाल्यावर शिकायला आलेल्या. "सर, माफ करा बरं का. आमच्याकडं सुपारीला अडकी म्हणतेत. अडकी कापतो म्हणून अडकित्ता. अडकायचा काय संबंध न्हाई त्येचा."

सर मोकळेपणानं म्हणाले, "बाई, हे मला नव्हतं ठाऊक."

गौरम्मांनी मला उचललं, वासून बघितलं, वर्षाराणीकडं वळल्या. "कथा झ्याक लिवलीस पोरी. पन एक सांग. तुझ्या सासूनं पान कधी सोडलं?"

"शिवरात्रीला. मी फॉर्म भरला म्हणून सांगितलं, त्याच दिवशी."

"का सोडलं म्हणाली?"

"म्हणाल्या नाहीत काही."

"मंग तू ईचारलं?"

वर्षाराणी कथेच्या कागदाचा कोपरा दुमडायला लागली.

"चाळीस वर्षांचं पान बाई रागानं सोडत न्हाई," गौरम्मा म्हणाल्या. "रागात तर जास्त खाती. शिवरात्रीला सुटलं म्हणतीस? अगं खुळे, नवस हाय तो. घरात कुणाचं काही अडलंय का? लगीन, लेकरू?"

वर्षाराणीचा चेहरा मी एका डोळ्यानं बघितला. तिच्या ओठांवर नाव आलं होतं, प्रियदर्शनी. आणि त्याच क्षणी तिचा फोन वाजला. फोनवर प्रियदर्शनीच होती.

"वैनी, तुमी अडकित्ता बघितला का? मुखेडचे पाव्हणे आजच येऊन राहिलेत! सत्यमची रजा रद्द झाली, उद्या हजर व्हायचंय म्हणं. दिवे लागायच्या आत सुपारी फोडायचीय. अव्वानं सगळं घर पालथं घातलं. डबा उघडला तर रिकामा. रडून राहिली हो ती. ती कधी रडती का?"

"प्रिया," वर्षाराणी म्हणाली, "माझ्याकडं हाय. येऊन राहिले."

तिनं मला कच्च्या कागदात कसंबसं गुंडाळलं. जिना उतरताना मागून सरांचा आवाज आला, "पुढच्या वेळी सासूबाईंनाच घेऊन या!" ती थांबली नाही. रिक्षा, स्टँड, गर्दी, आणि सुटता सुटता पकडलेली उदगीरची गाडी.

तो प्रवास मी विसरणार नाही. तिनं मला पर्समध्ये ठेवलंच नाही, मुठीत धरून बसली. गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला माझा खिळा वाजायचा आणि ती पुटपुटायची, "शंभो, उशीर नको करू." घड्याळ बघायची. पुन्हा बघायची. सुपारीला अडकित्ता सापडला नाही म्हटलं की पाहुण्यांत कुजबूज होणार. आधीच तीन स्थळं मोडलेली. एखादी म्हातारी 'अपशकुन' म्हणाली की झालंच. आणि ते सगळं कुणामुळं?

मुखेडला गाडी थांबली आणि कंडक्टर चहाला उतरला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. वर्षाराणी खाली उतरून त्याच्यापुढं उभी राहिली.

"दादा, सोडा की गाडी. सुपारी हाय संध्याकाळच्या आत."

कंडक्टरचा कप हातातच राहिला. "कुणाची सुपारी?"

"नणंदेची."

टपरीवरची चार माणसं वळून बघायला लागली. एकजण मागं सरकला.

"तशी नाही हो!" ती रडकुंडीला आली. "लग्नाची! सुपारी घरी हाय, अडकित्ता माझ्याकडं राहिला." आणि तिनं मला वर उचलून दाखवलं.

सगळी टपरी हसली. कंडक्टरनं चहा एका घोटात संपवला. "आवं बाई, आधी सांगायचं की. मी म्हनलं, आता साक्षीला कोर्टात जावं लागतंय. चला रे, बसा!" मग वाटेत थांबे कमी घेतले म्हणा, नाहीतर शंभोनं ऐकलं म्हणा, गाडी सहाच्या सुमाराला उदगीरला लागली. संगमेश्वर स्कूटर घेऊन उभाच होता. तो एकच वाक्य बोलला, "घट्ट धर."

दारात चपलांची रास होती. आत सतरंजीवर पाहुणे, मधे पाट, पाटावर पानं, पानांवर अखंड सुपारी. सत्यमचे काका चंद्रप्पा मधोमध बसलेले. मुखेडात त्यांचं किराणा दुकान आहे आणि पोट त्या दुकानाएवढंच. हातात बत्ता घेऊन ते म्हणत होते, "पार्वताक्का, कशाला वाट बघायची? ह्यानं फोडू की. सुपारीला काय कळतंय कशानं फुटली ते?"

"थांबा जरा," पार्वतम्मा म्हणत होत्या. चेहरा शांत, हात मात्र पदराचं टोक पिळत होते. "सांगितलं न्हवं, खिळा सैल झालता म्हणून सुनेला ठोकून आणाया धाडलंय. आलीच ती."

ऐकलंत? सुनेचं नाव त्यांनी पाहुण्यांत झाकून घेतलं होतं. प्रियदर्शनीनं त्यांना खरं सांगितलं होतं, तरीही. उंबऱ्यात वर्षाराणीनं ते ऐकलं आणि तिचा पाय तिथंच थबकला.

"ही काय आली!" चंद्रप्पा ओरडले. "आणा, आणा!" आणि त्यांनी तिच्या हातातली पुडी घेतली.

आता या दुकानदाराला एक खोड. पुडीचा कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही. चाळीस वर्षं रद्दीत साखर बांधली, त्याची सवय. त्यांनी मला मांडीवर ठेवलं, कागद सरळ केला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले, "'माझ्या सासूचा अडकित्ता सहा महिने मिटलेला आहे. त्याच्या दोन दांड्यांत मी अडकले आहे...' हे काय हो? पेपरातलं हाय का?"

वर्षाराणी भिंतीला चिकटली. संगमेश्वर छताकडं बघायला लागला. पाहुण्यांतल्या एका बाईनं दुसरीला कोपर मारलं. मी चंद्रप्पांच्या मांडीवर पडून होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, भट्टीत परत वितळून जावं.

"म्होरं वाचा," पार्वतम्मा म्हणाल्या.

"म्होरं न्हाई. फाटलाय."

पार्वतम्मा उठल्या. कागद घेतला, घडी घातली, कमरेला खोचला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "पेपरातलं न्हाई, माझ्या सुनेनं लिवलंय. एम.ए. करती ती. आन् खरं लिवलंय. सहा म्हैने मिटलेलाच होता. शिवरात्रीला मी शंभोला बोलले होते, पोरीची सुपारी ह्याच्यानं फुटंपर्यंत पान खाणार न्हाई. आज फुटणार, म्हणून आता सांगायला हरकत न्हाई."

प्रियदर्शनी आतल्या दारातून धावत आली आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं. बसलिंगप्पा म्हणाले, "म्हणून सहा म्हैने माझ्यावर वसकन येत होतीस व्हय! मी म्हनलं, माझंच काही चुकलं." पाहुणे हसले. चंद्रप्पा सर्वांत मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "अशी सासू, अशी सून! आमच्या सत्यमला घरच चांगलं गावलं. फोडा आता, दिवस मावळतोय."

पार्वतम्मांनी मला उचललं. मला वाटलं, आता त्यांची ओळखीची मूठ. पण त्यांनी मला वर्षाराणीच्या हातात दिलं.

"तू फोड."

"अव्वा, मला येत नाही."

"अडकले म्हणतीस न्हवं? मंग उघडून बघ, उघडतो का."

त्या शब्दांत राग नव्हता, थोडं चिडवणं होतं. वर्षाराणीनं मला उघडलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चार वर्षांत या पोरीनं मला एकदाही असं हातात धरलेलं नव्हतं. लांबून बघितलं, टेबलावर ठेवलं, मुठीत आवळलं, पण मी चालतो कसा, ते तिच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. तिनं सुपारी पात्याच्या टोकाशी धरली आणि दाबलं. सुपारी सटकन निसटली ती थेट चंद्रप्पांच्या पोटावर.

"ओ! जावईबापूची सोडून माझीच फोडता काय!"

हशात सुपारी परत पाटावर आली. पार्वतम्मा सुनेच्या कानाशी वाकल्या. मी मधेच होतो, म्हणून ऐकलं. "टोकाला धरलीस. टोकाला धरली की निसटती. खिळ्याजवळ धर."

तिनं खिळ्याजवळ धरली. दाबलं. माझा सैल खिळा कुरकुरला, पातं बसलं, आणि कट्ट!

दोन फोडी. अगदी सारख्या नव्हत्या, एक जरा मोठी झाली. ती पार्वतम्मांनी मुखेडकरांच्या ओटीत घातली. बाहेर दिवे लागले तेव्हा आत विडे वाटणं चाललं होतं. वर्षाराणीनं पान लावलं, चुना, कात, मीच कातरलेली सुपारी, आणि सासूच्या हातात दिलं. सहा महिन्यांनी पार्वतम्मांच्या तोंडात पान गेलं. डोळे मिटून त्यांनी पहिला रस गिळला आणि म्हणाल्या, "चुना जास्त झाला."

मला वाटलं, आरतीच ऐकतोय.

पाहुणे गेल्यावर दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. वर्षाराणी म्हणाली, "अव्वा, चुकलं माझं. न विचारता नेला. आणि ते लिहिलेलं..."

"लिवलेलं राहू दे. मिटलेला होता, ते खरंच. कशाला मिटला, ते तेवढं ईचारायचं ऱ्हायलं." मग ताटं पुसत, "आन् मी बी सांगितलं न्हाई. सहा म्हैने तुला कहाणी न्हाई सांगितली. तुला काय वाटलं असंल, ते माझ्या डोक्यात आलं न्हाई. डोकंच ठणकायचं." मग पातेलं उचलत, "काय म्हणाला तुमचा सर?"

वर्षाराणीनं सगळं सांगितलं. पोपट, पिंजरा, अडकणं. पार्वतम्मा हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिल्या. "पिंजरा? ह्यो?" त्या म्हणाल्या. "मीच येते पुढल्या वर्गाला. तो म्हणाला न्हवं, सासूला आणा?"

"ते गमतीनं म्हणाले, अव्वा."

"मी गमतीनं येत न्हाई."

म्हणून आज आम्ही तिघं इथं आहोत. वर्षाराणीच्या फाइलमध्ये नवी कथा आहे. शेवट अजून झालेला नाही. काल दुपारी कहाणी ऐकता ऐकता तिनं दोनदा खोडला. पार्वतम्मांनी पिशवीत पानं, चुना आणि वीस अखंड सुपाऱ्या घेतल्यात, वर्गात प्रत्येकाला विडा द्यायचा म्हणून. माझा खिळा मात्र ठोकून घेतलेला नाही. "लई घट्ट बसला की उघडायला जोर लागतो," म्हणतात. म्हणून मी अजून कुरकुरतोच, आणि जीव अजून थोडा वर-खाली होतोच. सर काय म्हणतील, पोरीला गुण पडतील का, पार्वतम्मा भर वर्गात कुणाला काय बोलतील, काही सांगता येत नाही. पण शंभो आहे. आणि गौरम्माही असतील.

गाडी लागली बघा. पार्वतम्मा उठल्या, पिशवी हलली. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्याही घरात एखादा बंद डबा असेल, रुसल्यासारखी कोपऱ्यात बसलेली वस्तू असेल, डोळ्याला मोतीबिंदू झालेला बैल असेल. त्याची कथा लिहा, जरूर लिहा, आम्हाला आवडतं. पण लिहायच्या आधी एकदा ज्याची आहे त्याला विचारा, आणि एकदा हातात धरून बघा.

खिळ्याजवळ धरा. टोकाला धरलं की निसटतं.